उतरते भाव आणि न उतरणारे देणे

व्यापारात मंदी आली म्हणजे देशाची संपत्ती घटते, असे अर्थशास्त्राचे ग्रंथ सांगतात आणि ते खोटे नाही. परंतु ज्या घरात मंदी शिरते त्या घराला या घटीपेक्षाही अधिक जाचते ते हे की, चांगल्या दिवसांत कबूल केलेले देणे वाईट दिवसांत तेवढेच राहते. धान्याचा, कापसाचा, मजुरीचा भाव उतरतो. सरकारसारा, व्याज आणि घरभाडे मात्र आपल्या जागेवरून हलत नाहीत, आणि मधली तूट कोणाला तरी अंगावरचे दागिने, दावणीचे बैल आणि अखेरीस जमीन देऊन भरावी लागते. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या तुटीने समाजाची घडी कशी विसकटते हे १८६५ ते १८७५ या दहा वर्षांत दख्खनच्या पठारावर जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला अपूर्व भाव आला. या अवचित आलेल्या पैशावर मुंबईत कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या, बॅक बे भरून काढण्याच्या योजनेच्या भागांवर सट्टा झाला, आणि प्रेमचंद रायचंद या बड्या व्यापाऱ्याच्या शब्दावर लक्षावधींचे व्यवहार होऊ लागले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली. पुढे १ जुलै रोजी, वायद्यांचे देणे चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा, कालचे धनाढ्य दिवाळखोर ठरले, आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बेही या धक्क्यातून सावरली नाही.

मुंबईतील हे पतन डोळ्यांत भरण्याजोगे असल्यामुळे त्याची वर्णने पुष्कळ झाली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मंदी गाजावाजा न करता आली. तेजीच्या काळात धान्याचे भाव चढले होते, लोहमार्गाच्या कामावर रोख मजुरी मिळत होती, आणि कुणब्याची पत वाढलेली पाहून सावकारही सढळ हाताने कर्ज देत होता. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपली, आणि १८६७ साली इंदापूर तालुक्यापासून जी फेरआकारणी सुरू झाली, तीत चढत्या भावांकडे पाहून सारा वाढविण्यात आला. भाव पुढे कोसळले. वाढलेला सारा तसाच राहिला. चार वर्षांची तेजी म्हणजे कायमची समृद्धी, असे गृहीत धरून पुढील तीस वर्षांचा आकार ठरविणे हा माझ्या मते त्या राज्यकारभाराचा अक्षम्य प्रमाद होता.

कर्जाचे खत त्या काळी कसे वाढत असे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार जुने खत काढी, राहिलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या एकूण रकमेचे नवे खत लिहवून घेई. निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी, आणि हाती एक रुपयाही न पडता त्याचे कर्ज वाढे. पुढे दावा लागला म्हणजे तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाण्याची त्याची ताकद नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. ज्या शेतात तो काल मालक म्हणून राबत होता तेथेच दुसऱ्याचे कूळ म्हणून तो राबू लागे, आणि त्याच्या खळ्यावरील बलुत्यावर जगणाऱ्या सुताराच्या, कुंभाराच्या वाट्यालाही त्या साली कमी दाणे येत.

सावकाराला या कथेतील एकमेव खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. गावातल्या लहान सावकाराचे भांडवलही पुष्कळदा मोठ्या पेढीवरून उचललेले असे, आणि वरून तगादा आला की तो खाली तगादा लावी. परंतु बियाणे, लग्नकार्य आणि दुष्काळ यांच्या वेळी ज्याच्या ओट्यावर गाव जात असे, त्याच्याशी गावाने व्यवहार तोडला. काही गावांत न्हाव्याने त्याची हजामत करण्याचे नाकारले, पाणी भरणाऱ्याने पाणी भरण्याचे थांबविले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तो आसपासच्या तालुक्यांत पसरला. लक्षात ठेवण्याजोगे हे की, दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांनी खते आणि हुकूमनामे मागितले, मिळाले तेथे ते जाळले, आणि बहुतेक ठिकाणी कागद हाती येताच हिंसा थांबली.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. १८६५ च्या मंदीनंतर हे शहाणपण यायला चौदा वर्षे लागली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, इंग्लंडने १९३१ साली सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोने महागले, आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या पुतळ्या, पाटल्या सराफाच्या तराजूतून मुंबई बंदरावाटे परदेशी गेल्या. मुंबई इलाख्यातील शेतकी कर्जदारांच्या साह्याचा कायदा मात्र १९३९ साली झाला. या मधल्या वर्षांत विकलेला दागिना आणि गेलेले शेत बहुतेक घरांत परत आले नाही.

म्हणून ज्यांच्या हाती वसुलीचे अधिकार आहेत त्यांना, मग ते सरकार असो की सहकारी पेढी, माझे कळकळीचे सांगणे आहे की, भाव उतरले तर साऱ्याची आणि हप्त्यांची तहकुबी त्याच हंगामात जाहीर करावी, आणि त्यासाठी कमिशनच्या अहवालाची वाट पाहू नये.