वेताळाचा वर्ण

डिचोली तालुक्यातील आमोणे गावच्या वेताळाची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावयास नको. दिगंबर, ताठ उभा, गळ्यात रुंडमाळ, पोटावर विंचू असे गोव्यातील वेताळाच्या जुन्या पाषाणमूर्तींचे रूप असते. तो रात्री गावाची फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची प्रथा कित्येक ठिकाणी आहे. पाहून भय वाटावे असा हा देव; पण गाव निर्धास्त झोपते ते त्याच्याच भरवशावर.

या देवाचे नाव एका गोऱ्या पुरुषाला मिळाले. ली फॉक या अमेरिकी लेखकाची ‘फँटम’ ही चित्रकथा १९३६ मध्ये सुरू झाली. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढण्यास आरंभ केला आणि मराठीत फँटमचा ‘महाबली वेताळ’ झाला. मूळ कथेत वनवासी त्याला चालते भूत समजतात. भाषांतरकाराला बहुधा त्यावरूनच हे नाव सुचले असावे. शब्द म्हणून निवड चोख होती. परंतु चित्रातला वेताळ आफ्रिकी अरण्यात कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा, इंग्रज कुळातला वीर आहे. त्याचा पूर्वज १५३६ साली, म्हणजे अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर अवघ्या सव्वीस वर्षांनी, त्या किनाऱ्यावर आला असे कथा सांगते. त्याच्याभोवती ठेंगण्या, कृष्णवर्णी ‘बांदार’ लोकांचा मेळा. ते शूर आहेत, विषारी बाण मारतात. पण न्याय मात्र पिढ्यान् पिढ्या गोऱ्यानेच करावयाचा.

भारतीय संपादकांनी या कथेत काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. मूळ देशाचे ‘बेंगाली’ हे नाव बंगालची आठवण करून देई, ते ‘डेंकाली’ केले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या पित्याचा खून करणाऱ्याचे नाव ‘रामा’ होते, त्याला ‘रामालू’ केले. हे सारे योग्यच झाले. रामाचे नाव खुन्याला का असावे? पण याच जागरूक लेखणीने ‘बांदार’ हा शब्द मात्र जसाच्या तसा राहू दिला. हिंदीभाषक मुलाच्या कानाला त्यातून काय ऐकू येत असेल, ते सांगावयास नको.

आमच्यापुढील प्रश्न हा. ज्याचे चित्र काढले तो ते कधीच पाहणार नसेल, तर त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल काय? पुष्कळ सुज्ञ माणसे म्हणतील, नाही. दुखावलेले मनच नसेल तर दुखापत कोठली? शासकीय सेवेत हे तर्कशास्त्र आम्ही फार जवळून पाहिले आहे. दप्तरी अर्ज नाही, म्हणजे गाऱ्हाणे नाही! वरील बदल तरी काय सांगतात? चित्राने आणि नावाने माणूस दुखावतो हे संपादकांना पक्के ठाऊक होते. त्यांनी फक्त वर्गणीदाराचे दुःख मोजले.

आफ्रिका दूरची, म्हणून अनवधान झाले, ही सबब गोव्यात तरी चालू नये. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले. तेथून गुलाम म्हणून आणलेली माणसे या भूमीवर राबली आणि मेली. ‘काफ्रियल’चा स्वाद त्यांच्या नावाने आजही आमच्या ताटात आहे, आणि ‘खापरी’ हा शब्द आमच्याकडे आफ्रिकी माणसालाही लावतात व भुतालाही. चित्रातला काळा माणूस आमच्या मुलांनी पाहिला तेव्हा त्यांच्या मनाची पाटी कोरी नव्हती.

जिथे गाऱ्हाणे घालणारे होते तिथे चित्र बदलले. मँड्रेक जादूगाराचा सोबती लोथार १९३४ पासून व्याघ्रचर्मासारखे कातडे पांघरून मोडकेतोडके बोलत असे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा उभा राहिल्यावर, साठीच्या दशकात, त्याला नीट कपडे मिळाले आणि नीट भाषाही. खुद्द फॉकनेही पुढे वेताळाच्या देशाला लुआगा नावाचा कृष्णवर्णी अध्यक्ष दिला, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

यावर कोणी पेडणे महालातल्या दशावताराकडे बोट दाखवील. आमचा संकासुर नखशिखांत काळा, लाल जीभ लोंबणारा; मग परक्यांना दोष का? आक्षेप हलका नाही. परंतु संकासुराचा काळेपणा हा कापडाचा आहे. तो कोणा जमातीचा कातडीचा रंग म्हणून रंगवलेला नाही. शिवाय तो बोलतो, भटजीची फिरकी घेतो, आणि प्रेक्षक त्याच्याच बाजूने हसतात. बांदारांना मालिकेत असे बोलणे क्वचितच वाट्याला आले. आमच्या पौराणिक चित्रकथांतील गोरे देव आणि काळेकभिन्न राक्षस यांचा मात्र असा बचाव करणे आम्हांस साधत नाही. तिथे रंग कातडीलाच चिकटलेला आहे. आणि तेथे तर आमच्या मुलांनी स्वतःचा सावळा वर्ण खलांच्या बाजूला उभा पाहिला.

इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. जुने अंक हौशी मंडळी जपून ठेवतात, नातवंडांना वाचावयास देतात. ते नष्ट करावेत वा त्यांतील चित्रे पुसावीत, असे आम्ही म्हणणार नाही. पण डिचोलीतल्या नातवाच्या हाती तो अंक देताना त्याला एकदा आमोण्याला न्यावे, आणि वेताळ हे नाव आधी कोणाचे, ते त्या पाषाणमूर्तीसमोर उभे करून सांगावे. बांदारांविषयी तो मग आपण होऊन विचारील.