'विकत घ्या' हे बटण कुठे असावं?

१९५४ साली आपल्याकडे औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध एक कायदा झाला. 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट' हे त्याचं रुळलेलं नाव. जाहिरात कशाला म्हणायचं, हे त्यात सुरुवातीलाच सांगितलंय. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन किंवा इतर कुठलाही कागद. शिवाय तोंडी केलेली किंवा प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणा. धूर वाचून मला हसू आलं. विमानाने आकाशात धुराची अक्षरं काढायची पद्धत तेव्हा होती, त्यावरून तो शब्द आला असावा. पण 'प्रकाश' शब्दावर मी थांबले, कारण माझं पोट प्रकाशावरच चालतं. मी मोबाइल ॲप बनवते. स्क्रीनवर जे दिसतं तो शेवटी प्रकाशच.

सध्या नोकरी सांभाळून आम्ही तिघं मिळून एक ॲप करतोय. मी, इंजिनिअरिंगला बरोबर असलेला एक मित्र आणि टिटवाळ्याला दवाखाना असलेल्या एक वैद्य मॅडम. मी राहते मोहन्यात, त्यामुळे बैठका कधी आमच्या घरी, कधी मॅडमच्या दवाखान्यात पेशंट संपल्यावर. कल्पना साधी आहे. औषधी वनस्पतींची माहिती मराठीतून द्यायची आणि ज्याला हवी त्याला ती वनस्पती, सुकवलेली किंवा चूर्ण करून, घरपोच द्यायची. प्रत्येक वनस्पतीचं एक पान: मराठी नाव, संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, फोटो, कुठला भाग वापरतात, परंपरेने कशासाठी वापरतात, कुणी घेऊ नये. आणि पानाच्या तळाशी एक बटण.

त्या बटणावरून आमचं काम अडलंय. वरवर पाहता प्रश्न डिझाइनचा आहे. बटण वर की खाली, हिरवं की केशरी. पण जितका विचार केला तितका तो प्रश्न डिझाइनचा राहिला नाही.

गुडमारचं पान घ्या. त्याची पानं चावली तर थोडा वेळ जिभेला साखरेची गोडी कळत नाही. हे खरं आहे, कुणीही करून पाहावं. परंपरेने मधुमेहात ही वनस्पती वापरत आले आहेत, हेही खरं. आमच्याकडे तिच्या चूर्णाचं शंभर ग्रॅमचं पाकीट मिळेल, हेही खरं. तीन खरी वाक्यं एकाखाली एक ठेवली की वाचणाऱ्याला चौथं वाक्य ऐकू येतं: 'तुला शुगर आहे ना, मग हे घे.' ते चौथं वाक्य आम्ही कुठेच लिहिलेलं नाही. कोड तपासा, डेटाबेस तपासा, सापडणार नाही. ते मांडणीतून तयार होतं आणि मांडणी मी करते.

खोटं बोलू नये हा नियम इथे पुरत नाही. आपल्याकडे औषधांच्या जाहिरातींवरची बहुतेक चर्चा दावा खरा की खोटा, याच रुळावरून धावते. मला भीती वाटते ती प्रत्येक ओळ खरी असलेल्या पानाची.

त्या कायद्याला हा फरक कळलेला दिसतो. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे. त्यांच्यासाठी अमुक औषध घ्या असं सुचवणारी जाहिरात करायची नाही. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा आहेत, प्लेग आणि देवीही आहेत. पण काही गोष्टींना सूट आहे. शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथाला सूट आहे. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या जागेवर लावलेल्या पाटीलाही आहे. म्हणजे पोथी चालेल, पाटी चालेल. १९५४ साली पोथी एका जागी असायची आणि गल्ला दुसऱ्या जागी, त्यामुळे फरक ओळखणं सोपं होतं. आमच्या ॲपमध्ये दोन्ही सहा इंचांत आहे.

या कायद्याला हमदर्द दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. डिसेंबर १९५९मध्ये निकाल लागला. न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण मूळ बंदी टिकवली. जाहिरात हेही बोलणंच, पण ती व्यापारासाठी असेल तर तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच नाही, असा त्याचा सूर होता. पुढे १९९५मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात याच न्यायालयाने व्यापारी बोलण्यालाही ते कवच दिलं. शिकवणं कुठे संपतं आणि विकणं कुठे सुरू होतं, याची रेघ न्यायालयालाही एकदाच मारून भागलं नाही. आमची बैठक तर रविवारी दोन तासांची असते.

आमच्या घरी आजीच्या वेळची 'आर्यभिषक्'ची प्रत आहे, शंकर दाजी शास्त्री पदे यांची. पानं सुटी झाली आहेत. घरात कुणाला खोकला झाला की आजी ती काढायची, वाचायची आणि मग कुणाला तरी कल्याणच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात पाठवायची. पोथी आणि पुडी यांच्यामध्ये आंबिवली ते कल्याण लोकल होती. त्या वेळात शेजारीण काहीतरी सांगायची, दुकानदार 'कुणासाठी?' विचारायचा, कधी खोकला आपोआप थांबायचा. या अंतराचं मला फार कौतुक करायचं नाही. दुकानदार भेसळही करायचे, शेजारीण चुकीचंही सांगायची आणि आजारी माणसाला कल्याणचा फेरा परवडतोच असं नाही. अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या पाचातल्या एकीत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. चांगलं ॲप माल तपासून देऊ शकतं, दुकानाच्या कागदी पुडीवर तर काहीच लिहिलेलं नसायचं. तरी त्या अंतरात एक काम होत होतं. वाचलेलं आणि करायचं या दोन गोष्टी वेगळ्या राहत होत्या.

चाचणीसाठी आम्ही ॲप ओळखीच्या काही लोकांना वापरायला दिलं. शोधाच्या चौकटीत लोक काय टाइप करतात ते मी बघत होते. मला वाटलं होतं अडुळसा, शतावरी, हिरडा. लोक वनस्पती शोधत नाहीत, दुखणं शोधतात. 'शुगर.' 'गुडघे.' 'केस गळणे.' आणि एकाने लिहिलं होतं, 'मुलाची उंची.' परिशिष्टाची यादी पुन्हा वाचली तर त्यात माणसाची उंचीसुद्धा आहे. सत्तर वर्षांपूर्वीही कुणीतरी आईबापांना उंची विकत असणार, म्हणूनच ती त्या यादीत आली.

'मधुमेह' टाइप करणाऱ्याला काय दाखवायचं? मित्राचं म्हणणं सरळ आहे. "अगं, तू नाही दाखवलंस तर तो यूट्यूबवर जाईल. तिथे 'सात दिवसांत शुगर मुळापासून' असं सांगणारा बसलाय. आपण निदान खरं तरी सांगतोय. आणि मोठ्या माणसाने काय घ्यावं, हे ठरवणारी तू कोण?" यातला शेवटचा प्रश्न मला खरोखर बोचतो. लोकांना कळत नाही म्हणून त्यांच्यापासून वस्तू लपवायची, हा शहाणपणाचा माज मला स्वतःला सहन होत नाही. माझ्या गल्लीत बारा-बारा तासांची ड्युटी करून घर चालवणाऱ्या बायका आहेत. त्यांना चूर्णाचं पाकीट घ्यायचं की नाही हे कळत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण ठरवायला लागणारी जागाच मांडणीने काढून घेतली, तर मग ठरवलं कुणी? बोट बटणाच्या जवळ आणणं हेच तर माझं शिक्षण आहे. ग्राहक संरक्षणासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये डार्क पॅटर्नची तेरा प्रकारांची यादी जाहीर केली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणं. एक प्रकार वेषांतर केलेल्या जाहिरातीचा आहे. ती यादी मी वाचली तेव्हा त्यातले निम्मे प्रकार व्यवसायात 'चांगली पद्धत' म्हणून आधीच कानावर आलेले होते.

गुळवेलीची गोष्ट या सगळ्याला टोकाला नेते. मोहन्यात कडुलिंबावर, कुंपणावर ती सहज दिसते. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घराघरात तिचे काढे झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईत डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांना गुळवेल घेतलेले, यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्यांचा लेख २०२१मध्ये आला. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून मिळून असे ४३ रुग्ण नोंदवणारा लेख आला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. मी वैद्य नाही, या वादात निवाडा देणार नाही. पण ॲप करणारीला दोन्ही बाजू सारख्याच अडचणीच्या आहेत. डॉक्टर बरोबर असतील तर काहींना गुळवेल घातक आहे. मंत्रालय बरोबर असेल तर फोटो बघून वेल ओळखणं घातक आहे, आणि आमच्या पानावर सगळ्यात सुंदर काय असेल तर फोटो.

याच गुळवेलीची दुसरी बाजू आसनगाव स्टेशनवर उतरलं की भेटते. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी ती गोळा करून विकायला सुरुवात केली. केंद्राच्या वन धन योजनेची साथ मिळाली आणि त्यांना डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून ३५० टनांची, १ कोटी ५७ लाखांची मागणी आल्याचं सरकारने २०२१मध्ये जाहीर केलं. भागाकार केला तर किलोला साधारण ४५ रुपये. रानात फिरून वेल तोडणं, वाहणं, सुकवणं, सगळं त्यात. शहरात तिच्या चूर्णाच्या छोट्या डबीला याहून जास्त पैसे पडतात. असा मधला पैसा तोडणाऱ्याच्या हाती जावा, म्हणून तर आम्ही हे ॲप सुरू केलं. आता मी बटण मागे ढकलते तेव्हा मोहन्यातल्या ग्राहकाचं रक्षण करते आणि तोट्याचा वाटा शहापूरला पाठवते. मित्राने हे बोलून दाखवलं नाही, पण मला दिसतं. माझ्याकडे याचं उत्तर नाही. इतकंच म्हणता येईल की त्या काळातली मोठी मागणी घबराटीतून आलेली होती आणि घबराटीवर कुणाची चूल वर्षानुवर्षं पेटती ठेवता येत नाही.

एवढ्यावर मी ठाम झाले होते: शिकवणं वेगळं, विकणं वेगळं. आजार शोधला तर फक्त माहिती उघडायची, तिथे बटण नको. 'कुणी घेऊ नये' हा भाग पानाच्या सुरुवातीला. दुकान वेगळ्या दारामागे, तिथे फक्त वनस्पतीच्या नावाने शोध. बिब्बा, धोत्रा, गुंज यांची माहिती द्यायची, विक्री अजिबात नाही. औषधांच्या नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि बिब्ब्याने काय होतं हे आपल्याकडे बहुतेक घरांत कुणीतरी सोसलेलं असतं. आराखडा सुबक झाला होता. मॅडमनी तो मोडला.

त्या म्हणाल्या, "मग मी काय करते? मीच तपासते, मीच सांगते, आणि पुडीही माझ्याच कपाटातून देते. पैसे मीच घेते. मी अनैतिक का?"

वैद्याचं असं असणं जुनं आहे. पनवेलला १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर सुरू केलं, तेही वैद्यच होते. ज्ञान आणि गल्ला एका घरात हा काही मोबाइलने लावलेला शोध नव्हे. मी मॅडमना विचारलं, तुमच्यात आणि ॲपमध्ये फरक काय मग? त्यांनी फार विचार न करता सांगितलं, "त्याला उलट्या झाल्या तर तो उद्या सकाळी माझ्याच दारात येतो. आणि बरोबर बायकोला घेऊन येतो."

माझी रेघ चुकीच्या जागी होती असं मी म्हणणार नाही, ती अजूनही आराखड्यात आहे. पण तिच्या खाली आणखी एक रेघ निघाली. विकणारा शिकवू शकतो, जर त्याला दार असेल. आमच्या ॲपला तक्रारीचा फॉर्म आहे, दार नाही. पाकीट पोचल्याचा संदेश जातो, पुढे त्या माणसाचं काय झालं हे कळायची सोय कुठल्याच खरेदीच्या ॲपमध्ये मी पाहिलेली नाही. पाच तारे द्या एवढंच विचारतात, तेही दुसऱ्या दिवशी, डबी उघडायच्या आधी.

त्यामुळे आता खरेदीच्या आधी एक फोन नंबर येतो. संध्याकाळी ५ ते ७ मॅडम स्वतः उचलतात. पाकीट गेल्यावर दहाव्या दिवशी आम्ही फोन करतो. मित्राने याचा हिशोब मांडून दाखवला. ग्राहक शेकड्यात गेले की हे चालणार नाही, हजारात गेले तर हास्यास्पद होईल. तो खोटं बोलत नाही. मी म्हटलं, मग शेकड्यातच ठेवू. तो म्हणाला, मग ४५ रुपयांचे ६० कधी करणार?

चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. थायरॉइडची गोळी चालू आहे, अश्वगंधा घेऊ का. मॅडम म्हणाल्या, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, थायरॉइडवर तिचा परिणाम होऊ शकतो. बाई म्हणाल्या बरं, आणि ऑर्डर रद्द केली. आमच्या सामायिक तक्त्यात मित्राने ती 'गमावलेली विक्री' या रकान्यात टाकली. रकान्याचं नाव बदलू या, असं मी तीनदा म्हटलंय. काय ठेवायचं ते सुचव, म्हणतो. अजून सुचलेलं नाही.