द्रौपदीचा प्रश्न आणि अल्पवयीनांचे द्यूत

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या निमित्ताने शंकर-पार्वतींच्या द्यूताची कथा सांगितली जाते, आणि आमच्या ग्वाल्हेरीत दिवाळीच्या रात्री ‘शकुन म्हणून’ पत्त्यांचे दोन डाव टाकण्याची चाल काही घरांत आहे. वडील मंडळी डावास बसतात, मुले भोवती घुटमळतात, आणि एखादे काका हसत हसत दहाची नोट मुलाच्या हाती देऊन म्हणतात, “बस रे, नशीब अजमावून पाहा.” यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि, ज्याचे वय पण लावण्याचे नाही, त्यास पण लावू द्यावा काय, हा प्रश्न धर्माचा आहे. आणि माझ्यापुरता तो केवळ चर्चेचा राहिलेला नाही.

सोळाव्या वर्षी मी चुलतभावाच्या नावे मोबाईलवर पैसे लावून रमी खेळू लागलो. “आपणांस अठरा वर्षे पूर्ण आहेत काय?” असा प्रश्न प्रारंभीच पुढे आला. ‘होय’ या शब्दावर बोट ठेवताच दार उघडले. पहिल्या आठवड्यात मी थोडे जिंकलो. आज वाटते, तीच माझी सर्वांत मोठी हानी होती. पुढे हरलो, हरलेले परत मिळवावे म्हणून अधिक लावले, आणि अखेर वडिलांच्या दक्षिणेच्या डब्यात हात घातला. कोणा यजमानाने वास्तुशांतीस श्रद्धेने दिलेले एकवीसशे रुपये एका संध्याकाळी नाहीसे झाले. वडिलांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “ते पैसे तुझे होते का रे?”

पुढे सभापर्व वाचताना ध्यानात आले की हाच प्रश्न द्रौपदीने कौरवसभेस विचारला होता. युधिष्ठिर प्रथम स्वतःस हरला आणि मग त्याने तिला पणास लावले. जो स्वतःचाच धनी उरला नाही, त्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? या प्रश्नास भीष्मांसही उत्तर देता आले नाही. युधिष्ठिराने स्वतःस गमावले होते. कोवळ्या मुलाने स्वतःस अद्यापि मिळविलेलेच नाही. त्याच्या हातचे धन पित्याचे, शिक्षण समाजाने दिलेले, आणि पुढील आयुष्य त्या उद्याच्या माणसाचे, जो अजून घडावयाचा आहे. तो पण लावतो तेव्हा जे आपले नाही तेच पणास लावतो.

आपला कायदाही निराळे सांगत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीस करार करता येत नाही, आणि पैजेचा करार तर प्रौढाचाही निरर्थक ठरतो. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरविले. गोव्यात परवान्याने द्यूतगृहे चालतात. पण तेथेही एकवीस वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही. मनुष्याचा आवर घालणारा विवेक विशीतही पक्व होत असतो, असे मेंदूचे शास्त्र सांगते. तेव्हा ही मर्यादा मनमानी नव्हे.

कोणी म्हणेल, “अठरा वर्षे पुरी होताच दुसऱ्या दिवशी का शहाणपण येते?” नाही येत. युधिष्ठिर प्रौढ होता, धर्मज्ञ होता, तरी हरला. वयाची मर्यादा शहाणपण देत नाही. आपल्या कृतीचा भार ज्याने त्याने उचलावयाचा, ही वेळ केव्हा येते एवढेच ती सांगते. म्हणूनच केवळ वय पाहून भागत नाही, खेळही पाहावा लागतो. मनूने राजास द्यूताचा पूर्ण निषेध करावयास सांगितले; याज्ञवल्क्याने राजाच्या देखरेखीखाली त्यास वाव ठेवला. मते भिन्न, पण दोघांनीही राजास त्याच्या जबाबदारीतून मोकळे सोडलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ सर्वच वयांसाठी निषिद्ध ठरविले आहेत. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. दोषाचे वजन कोठे आहे, हे यात नेमके ओळखले आहे.

परंतु कायद्याचा हात घराच्या उंबरठ्याशी थांबतो. त्या रमीच्या दारावर माझे वय खरोखर तपासणारे कोणी नव्हते. आणि त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या रात्री, घरातील वडील माणसांनीच मला डावास बसविले होते. माझा दोष मी त्यांच्या माथी मारीत नाही. डब्यात हात माझाच गेला. पण कौरवसभेतही डाव मांडणाऱ्या शकुनीबरोबर भोवती बसून गप्प राहिलेले वृद्ध होते, आणि द्रौपदीच्या बाजूने स्पष्ट बोलला तो वयाने लहान असलेला विकर्ण.

म्हणून सभासद कुटुंबांस माझी नम्र विनंती आहे. येत्या दिवाळीस शकुनाचा डाव मांडावयाचाच असेल तर तो कवड्यांनी, चिंचोक्यांनी मांडावा. पैसा मध्ये येऊ देऊ नये. मुलाच्या हाती नोट द्यावयाची असेल तर ती ओवाळणीची द्यावी, पणाची नव्हे. आणि एखादा मुलगा हरून घरी आलाच, तर त्यास मारण्यापूर्वी माझ्या वडिलांनी विचारला तो प्रश्न शांतपणे विचारावा. मला वाचविले ते त्या प्रश्नानेच. ते एकवीसशे रुपये मी पुढे शिकवण्या करून फेडले. वडिलांनी ते मोजून घेतले आणि त्याच डब्यात ठेवले.