उइगुर रक्तातील कोलेस्टेरॉल आणि व्याप्तीचा प्रश्न

रक्तातील कोलेस्टेरॉल मोजणे ही रसायनशास्त्राची क्रिया आहे. त्या मापावरून येत्या दहा वर्षांत हृदयविकार होण्याची शक्यता सांगणे ही मात्र अनुमानाची क्रिया आहे, आणि दवाखान्यात या दोन्ही एकापाठोपाठ उरकल्या जात असल्यामुळे दुसरीलाही पहिलीइतकीच निश्चितता असल्याचा भास होतो. चीनच्या शिनजियांग प्रदेशातील काशगर किंवा खोतान येथे राहणाऱ्या, उइगुर या तुर्की-भाषी समाजातील एखाद्या प्रौढ व्यक्तीच्या रक्तात एलडीएल, म्हणजे यकृताकडून शरीरभर कोलेस्टेरॉल वाहून नेणारे आणि रोहिणीच्या भिंतीत ते साठवू शकणारे मेदकण, दर डेसिलिटरला 160 मिलिग्रॅम भरले, तर तोच नमुना बीजिंगमध्ये किंवा बोस्टनमध्ये तपासला तरी आकडा साधारण तोच येईल. त्या आकड्यावरून काढलेला धोका मात्र कोणत्या लोकसमूहाच्या अनुभवावर तो बेतला आहे त्यानुसार बदलतो. एकाच देहाविषयी दोन निरनिराळी भाकिते संभवत असतील, तर त्यांपैकी एक खरे आहे असे म्हणण्याचा अर्थ काय, हा प्रश्न वैद्यकाच्या दारात उभा असला तरी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञानाला ज्ञानपण कशामुळे येते याचा विचार करणाऱ्या शाखेचा आहे.

भारतीय न्यायदर्शनाच्या परिभाषेत तो अधिक नेमका मांडता येतो. ज्याच्याविषयी काही सिद्ध करायचे तो पक्ष, जे सिद्ध करायचे ते साध्य, ज्या खुणेवरून सिद्ध करायचे तो हेतू, आणि हेतू व साध्य यांच्यातील कोठेही न चुकणारा संबंध ती व्याप्ती. पर्वतावर धूर दिसतो, धूर असतो तेथे अग्नी असतो हे स्वयंपाकघरात पाहिलेले असते, म्हणून पर्वतावर अग्नी आहे असे अनुमान होते. प्रस्तुत अनुमानात पक्ष उइगुर व्यक्ती, हेतू कोलेस्टेरॉलचे माप, साध्य हृदयविकाराचा धोका. आणि ज्या स्वयंपाकघरात हा संबंध प्रथम बारकाईने पाहिला गेला ते म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम हे गाव. तेथे 1948 साली सुरू झालेल्या पाहणीत 5,209 स्त्री-पुरुषांचा पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला मागोवा सुरू झाला, आणि त्यांतील बहुतेक सर्व युरोपीय वंशाचे होते. (ज्या प्रदेशाविषयी हे विवेचन आहे त्याला ही परिभाषा अगदीच परकी नाही. आजच्या शिनजियांगमधील किझिलच्या गुहांत 1906 साली जर्मन मोहिमेला सापडलेल्या आणि आता स्पिट्झर हस्तलिखित या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कृत पानांत वैशेषिक मतासह तत्त्वज्ञांचे वादविवाद आहेत.)

नैयायिकांनी व्याप्तीला एक धोका सांगितला आहे, तो उपाधीचा. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. कारण अग्नी असेल तेथे धूर असणे हे ओल्या इंधनावर अवलंबून असते आणि ते इंधन हेतूमध्ये नोंदलेले नसते. अशी न नोंदलेली अट म्हणजे उपाधी. कोलेस्टेरॉलवरून धोका सांगताना रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, वय या उपाधी फ्रेमिंगहॅमवरून बेतलेल्या धोक्याच्या सूत्रात आणल्या जातात हे खरे; परंतु ज्या उपाधी फ्रेमिंगहॅममध्ये सर्वांना समान असल्यामुळे कोणाच्या लक्षातच आल्या नाहीत, त्या सूत्राबाहेर राहतात आणि सूत्र दुसऱ्या देशात गेले की तेथे प्रकट होतात. 2001 साली अमेरिकेतीलच निरनिराळ्या समूहांवर हे सूत्र तपासले गेले तेव्हा जपानी वंशाच्या पुरुषांबाबत ते प्रत्यक्षापेक्षा अधिक धोका सांगत असल्याचे दिसले, आणि 2004 साली चीनमधील पाहणीतही तसाच अतिरेक आढळला. उलट दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचा धोका पाश्चात्त्य मोजपट्टी कमी लेखते असा अनुभव आल्यामुळे 2018 सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत तो वंश धोका वाढवणारी बाब म्हणून नोंदला गेला. तेव्हा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आणि शिनजियांगची राजधानी उरुमची येथील उइगुराला एकाच सूत्राने परस्परविरुद्ध दिशांनी फसवावे, ही शक्यता नाकारता येत नाही.

या तपासण्यांत एक भेद महत्त्वाचा ठरतो. सूत्र लोकांचा क्रम बरोबर लावते की नाही, म्हणजे अधिक धोक्याच्या माणसाला कमी धोक्याच्या माणसाच्या वर ठेवते की नाही, ही एक कसोटी. आणि ते सांगत असलेले प्रमाण प्रत्यक्षाशी जुळते की नाही, म्हणजे ज्यांना दहा टक्के धोका सांगितला अशा शंभरांतील सुमारे दहाच आजारी पडतात की नाही, ही दुसरी. सूत्र परदेशी गेल्यावर पहिली कसोटी बहुधा टिकते, दुसरी बहुधा ढासळते. औषध द्यायचे की नाही हे दुसरीवर ठरते, म्हणून चिनी संशोधकांनी स्वतःच्या लोकसंख्येवर आधारलेले चायना-पार हे सूत्र 2016 साली प्रसिद्ध केले. पण चीनच्या सरासरीने अमेरिकेच्या सरासरीची जागा घेतल्यामुळे उइगुर व्यक्तीचा प्रश्न सुटला असे मानणे घाईचे होईल.

क्रम टिकतो आणि प्रमाण ढासळते याचे कारण हेतूच्या स्वरूपात शोधावे लागते. काही हेतू साध्याचे कारण असतात, काही केवळ खूण. एलडीएल कारण आहे, याविषयी आता वाजवी शंका उरलेली नाही. ज्यांच्या पीसीएसके-9 या जनुकात जन्मतः बिघाड असतो त्यांचे एलडीएल आयुष्यभर कमी राहते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींचे एलडीएल सरासरीने 28 टक्के कमी आणि हृदयरोहिणीच्या विकाराचे प्रमाण 88 टक्के कमी आढळले. जनुकांचे वाटप जन्माआधीच, सवयींची पर्वा न करता होत असल्यामुळे येथे निसर्गानेच प्रयोग केला असे म्हणता येते. याउलट एचडीएल, म्हणजे ज्याला लोक चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते, धोक्याशी उलट दिशेने बांधलेले दिसत असले तरी 2012 सालच्या जनुकीय अभ्यासात केवळ एचडीएल वाढवणाऱ्या बदलाने हृदयविकाराचा झटका टळत नसल्याचे दिसले. ते धुरासारखे आहे, फुंकून घालवले तरी आग विझत नाही. कारणाची व्याप्ती शरीराच्या रचनेत रुजलेली असल्यामुळे ती खोतानपर्यंत प्रवास करते; खुणेची व्याप्ती आहार, स्थूलता आणि श्रम यांच्या स्थानिक सांगडीवर उभी असल्यामुळे त्या प्रवासात तिचे वजन बदलू शकते. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागून येणारे गुणोत्तर भाकितासाठी सोयीचे असले तरी त्यात कारण आणि खूण मिसळलेली असतात, आणि ते गुणोत्तर उइगुरांत चीनमधील बहुसंख्य हान लोकांपेक्षा वेगळे आले तर दोहोंपैकी काय बदलले हे त्या एका अंकातून कळत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरणारा अंक या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटतो. शिवाय एलडीएल अनेकदा प्रत्यक्ष मोजलेलेही नसते. 1972 सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राने त्याच अंकातून ट्रायग्लिसराइड या रक्तमेदाचा पाचवा भाग वजा करून ते काढतात, आणि ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर गेले की ही वजाबाकी विश्वासार्ह राहत नाही.

मग उइगुरांसाठी उइगुरांवरूनच सूत्र करावे, हे उत्तर स्वाभाविक वाटते. पण जॉन व्हेन या इंग्रज तर्कज्ञाने संभाव्यतेवरील आपल्या 1866 सालच्या ग्रंथात दाखवून दिले होते की कोणतीही व्यक्ती एकाच वेळी असंख्य वर्गांत मोडते आणि प्रत्येक वर्गात तिच्याविषयीची संभाव्यता निराळी असते. पन्नाशीची उइगुर स्त्री ही उइगुर आहे, स्त्री आहे, मरूद्यानातील शेतकरी किंवा उरुमचीतील शिक्षिका आहे. यांपैकी कोणता वर्ग तिचा, हे रक्त सांगत नाही. 'उइगुर' हा वर्गही निसर्गाने आखून दिलेला नाही. मध्ययुगीन राज्याचे हे जुने नाव आधुनिक समाजासाठी 1921 सालच्या ताश्कंद परिषदेनंतर रूढ होऊ लागले आणि पुढे चिनी राज्यव्यवस्थेच्या अधिकृत यादीत स्थिरावले. त्यापूर्वी हे लोक स्वतःला बव्हंशी काशगरचे, तुर्फानचे किंवा नुसते मुसलमान म्हणवीत. त्यांच्या वंशेतिहासात पूर्व आणि पश्चिम युरेशियाचे मिश्रण आहे. म्हणून शोधनिबंधाच्या तक्त्यातील 'उइगुर' हा स्तंभ जीवशास्त्र, आहार, भाषा आणि ओळखपत्र यांचे एकत्र बांधलेले गाठोडे ठरतो.

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने 1985 साली मांडलेला मुद्दा तर या उत्तराच्या मुळावरच येतो. जे कारण समूहातील सर्वांना सारखेच लागू असते ते त्या समूहाच्या आतल्या अभ्यासात दिसत नाही, कारण तुलना करायला त्यापासून मुक्त असा कोणी उरत नाही. पोलो या मांस घातलेल्या भातातील मेंढीची चरबी घरोघरी सारखीच असेल, तर केवळ उइगुरांवर आधारलेले सूत्र त्या चरबीला निर्दोष ठरवील आणि उरलेला सगळा फरक वयावर किंवा अनुवंशावर टाकील. स्वतःच्या स्वयंपाकघरातही उपाधी लपते, एवढेच नव्हे तर तेथे ती सर्वांत चांगली लपते. तेव्हा प्रमाण जुळवण्यासाठी स्वतःचा समूह आणि कारण ओळखण्यासाठी परका समूह, असे दोन्ही आधार लागतात, आणि ते एका सूत्रात मिटवता येत नाहीत.

शेवटी ही व्याप्ती ज्यांच्या रक्तावरून बांधली जाते त्यांच्या संमतीचा प्रश्न उरतो, आणि शिनजियांगच्या बाबतीत तो औपचारिक नाही. तेथील सार्वत्रिक आरोग्यतपासणी मोहिमेच्या आडून डीएनए आणि रक्तगटाची माहिती गोळा केली जात असल्याचा आरोप ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने डिसेंबर 2017 मध्ये केला. चीनने तो फेटाळला. पुढे उइगुरांच्या नमुन्यांवर आधारलेले काही शोधनिबंध संमतीच्या मुद्द्यावरून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. ते न्यायवैद्यक आणि जनुकशास्त्रातील होते, कोलेस्टेरॉलवरचे नव्हेत. त्यामुळे प्रत्येक रक्तमेद-अभ्यासावर संशय घेणे अन्यायाचे होईल. तरीही संमती हा ज्ञानाबाहेरचा नीतीचा विषय आहे, मिळालेला आकडा जसा मिळाला तसा खराच असतो, हा युक्तिवाद टिकत नाही. धोक्याच्या सूत्राला रक्ताखेरीज धूम्रपान, चालू औषधे, कुटुंबातील हृदयविकार अशी तोंडी माहिती लागते, आणि ती नैयायिक ज्याला शब्दप्रमाण म्हणतात त्या कोटीत पडते. तेथे सांगणारा आप्त, म्हणजे जाणता आणि खरे सांगू इच्छिणारा असावा लागतो. आपले उत्तर कोणाच्या वहीत जाईल याची ज्याला धास्ती आहे तो जाणता असूनही आप्त राहत नाही, आणि मग रक्ताचे माप अचूक असूनही त्याच्या शेजारचे रकाने पोकळ भरले जातात.