ओळख

पूर्वी लोक घराच्या राखणीला कुत्रा ठेवत, आता कॅमेरा ठेवतात. कुत्र्यापुढे चार दिवस बिस्किटे टाकली की परकाही घरचा होतो. कॅमेरा असल्या लाचलुचपतीला बधत नाही. गेल्या महिन्यात आम्ही राउटर बदलला आणि दारावरच्या कॅमेऱ्याने एकदम असहकार पुकारला. नवा राउटर चार हातांवर, जुन्यापेक्षा तरणाबांड. पण हा आपला ढिम्म!

शेजारच्या नववीतल्या पोराने मर्म सांगितले. "काका, त्याला राउटर कुठे ओळखता येतो? त्याला वायफायचं नाव आणि पासवर्ड, एवढंच कळतं. नव्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्या. आणि २.४ गिगाहर्ट्‌झ चालू ठेवा, ५ याच्या डोक्यावरून जातं." नातवाला आजोबांचे नाव ठेवावे तसे आम्ही बारसे उरकले आणि कॅमेरा मुकाट्याने नांदू लागला.

आता ही निष्ठा म्हणायची की आंधळेपणा? उद्या एखाद्या चोराने तेच नाव, तोच पासवर्ड लावला तर हा त्यालाही मालक मानील!

पण कॅमेऱ्याला हसायचा आपल्याला काय अधिकार? शापाचे निमित्त असेल, पण शकुंतला साक्षात समोर उभी असताना दुष्यंतालाही अंगठीच लागली. आणि आम्ही बँकवाले तर दहा ते पाचचे दुष्यंत. वीस वर्षांच्या ओळखीचे पेन्शनर आजोबा काउंटरशी उभे असतात. हात थरथरतो, सही नमुन्याशी जुळत नाही. "अहो, मी म्हणजे मीच!" ते कळवळून सांगतात. संगणक म्हणतो, कशावरून?

तरी खुणेची बाजू मी घेईन. खूण कोणाचे तोंड पाहत नाही. तिला हमाल आणि शेठजी सारखेच. तोंड पाहून पैसे द्यायचे ठरले असते, तर गोडबोल्यांनी तिजोरी केव्हाच रिकामी केली असती.

मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एक शहाणी फट आहे. म्हातारपणाने किंवा आजाराने सही जमत नसेल तर अंगठा चालतो. पण बँकेच्या माहितीतले दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. म्हणजे खूण थकली की कोणीतरी पुढे होऊन "मी यांना ओळखतो" म्हणायचे आणि खाली स्वतःची सही ठोकायची. उद्या काही निघाले तर मान आपली. ओळखीची खरी किंमत ती!

म्हणून आजोबांना खुर्ची देऊन मी साहेबांना बोलवायला जातो. साहेब अर्धा चहा टाकून उठतात. हे काम अजून कोणत्याच गिगाहर्ट्‌झवर होत नाही.