आधी काय, मग काय

बालाघाटाच्या उतारावर दोघा भावांची शेती होती. खालच्या अंगाला काळी जमीन, वरच्या अंगाला बरड माळ. काळीत सोयाबीन आणि मधूनमधून तुरीच्या ओळी; माळावर गायी-शेळ्या चरायच्या. घरात आत्याही राहायची. तिनं उमेदीची वर्षं परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीत काढली होती. ती फार बोलत नसे, पण पेरणी आली की तिचं सगळं लक्ष बियाण्याकडं असायचं.

एका मृगात धाकट्यानं बीजप्रक्रिया करायचं मनावर घेतलं. गावातल्या शिबिरात त्यानं ऐकलं होतं. बुरशीनाशक आणलं, रायझोबियम जिवाणूंच्या पुड्या आणल्या, गूळ उकळला. पेरणीच्या आदल्या दुपारी सगळं एकाच घमेल्यात ओतलं, बियाण्याला तळहातांनी खसाखसा चोळलं आणि ताडपत्रीवर उन्हात वाळत घातलं. थोरला बांधावरून बघत होता. त्याला त्या पुड्यांवर झालेला खर्चच पटत नव्हता.

उगवण विरळ झाली. महिना उलटला तरी पीक फिकटच. थोरला म्हणाला, "बघितलंस? पुडीनं काय दिलं? आता युरिया टाक."

आत्या खुरपं घेऊन वावरात गेली. तिनं एक झाड मातीच्या ढेकळासकट अलगद उचललं आणि पाण्यात मुळं धुतली. गाठी होत्या, पण मोजक्या. एक गाठ नखानं चिरली, तर आत पांढरट. मग शेजाऱ्याच्या बांधालगतचं झाड विचारून आणलं. त्याच्या मुळांवर गाठींचे घोसच होते, आणि चिरल्यावर आतून गुलाबी. आत्यानं दोन्ही गाठी भावांसमोर ठेवल्या. "गुलाबी असली की गाठ कामाला लागलीय, हवेतला नत्र झाडाला देतीय. ही पांढरी रिकामीच बसलीय. आता सांग, तू आधी काय लावलंस?"

धाकट्यानं सगळं सांगितलं.

"म्हंजे मारायचं औषध आणि जगवायचे जिवाणू एकाच घमेल्यात घातलेस. वरून ऊन दिलंस. आणि सोयाबीनची साल किती पातळ असते, ते चोळताना बघितलं नाहीस."

तिनं रीत सांगितली. आधी बुरशीनाशक, गरज असेल तर त्यानंतर कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यांत शेवटी, ऐन पेरणीच्या तोंडावर. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमची एक पुडी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. पाणी बेतानं, बी नुसतं माखेल इतकंच. सावलीत पसरायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पुडी सोयाबीनचीच हवी, कारण हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनच्या मुळाशी नांदत नाहीत.

थोरल्याला मनात बरं वाटलं, की धाकट्याचीच चूक निघाली. पण त्याच पावसाळ्यात त्यानं स्वतः काय केलं, तेही सांगायला हवं. उरलेला युरिया त्यानं उघाडीत, तापलेल्या माळावर फेकला, गवत वाढेल म्हणून. शेळ्या त्याच माळावर रोज फिरत होत्या. कोरड्या जमिनीवर पडलेल्या युरियातला नत्र बराचसा हवेत उडून गेला. जे थोडं हिरवं फुटलं, ते शेळ्यांनी बोटभर व्हायच्या आत खुडलं. दिवाळीला माळावर कुसळीच होती आणि शेळ्यांच्या अंगात तिची कुसळं रुतत होती. पोतं संपलं, चारा मात्र विकतच आणावा लागला. पुडीला नावं ठेवणाऱ्यानं तीच गडबड माळावर केली होती, फक्त ती कुणी उकरून दाखवली नव्हती.

आत्यानं दाखवली. "माळाला खत द्यायच्या आधी त्याला विसावा दे. जनावरं आत असताना खत टाकून काय उपयोग?"

थोरल्याला हे अवघड गेलं, आणि ते साहजिक होतं. माळ बंद केला तर शेळ्या न्यायच्या कुठं? शेवटी अर्धाच माळ राखायचं ठरलं. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. शेळ्यांना गोठ्यात पाला तोडून घालायचं काम दोघांच्या बायकांवर पडलं. त्या वर्षीचा सगळ्यांत जड भार त्यांनीच उचलला, आणि घरात तसं मोकळेपणानं बोललंही गेलं. पहिल्या पावसावर मारवेलीची ठोंबं लावली, मधे स्टायलोचं बी टाकलं. स्टायलोला सुपर फॉस्फेट दिलं, कारण शेंगवर्गीय चाऱ्याला स्फुरद लागतं, नत्र तो गाठींतून स्वतः मिळवतो. मारवेलीला युरिया दिला, पण जमीन ओली असताना आणि थोडाच. रिकामं पोतं आत्यानं आठवणीनं उचलून ठेवलं. शेळीनं चाटलं तर जीव जायचा.

खाली काळीत धाकट्यानं ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासली, मग रीतीप्रमाणं बीजप्रक्रिया केली. चांगला ओलावा झाल्यावरच पेरलं. श्रावणात त्यानं गाठ चिरली, ती गुलाबी निघाली. युरियाचा वरचा हप्ता द्यावा लागला नाही, ते पैसे तुरीच्या फवारणीला उरले.

माळानं पहिल्या वर्षी फारसं दिलं नाही. स्टायलो हळू धरतो. थोरला दोनदा कुंपण काढायला निघाला आणि दोन्ही वेळा परत फिरला. दुसऱ्या पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत आलं. फुलावर येताच कापून भारे घरी आणले, जनावरं आत सोडली नाहीत. त्या उन्हाळ्यात कडबा कमी विकत आणावा लागला आणि मे महिन्यातही गाईचं दूध टिकलं.

पुढच्या मृगाआधी शेजारचा तात्या पुडी मागायला आला. थोरला म्हणाला, "पुडी देतो तात्या, पण आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधा. सत्तर उगवले तर या. आणि येताना घमेली दोन आणा."