प्रारब्ध आणि अभ्यास

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असे एक प्रकरण आहे. पूर्वकर्माने सर्व काही बांधलेले असेल तर मनुष्याच्या प्रयत्नाला अर्थ काय उरतो, हा जो तेथील वादविषय, तो एखाद्या घरात अर्धे अंग दुर्बळ असलेले मूल वाढू लागते तेव्हा केवळ पंडितांचा राहत नाही. त्या मुलाच्या आईला त्याचे उत्तर रोज सकाळी, सदऱ्याची गुंडी लावताना, द्यावे लागते.

मेंदूच्या एका बाजूस जन्मापूर्वी वा जन्माच्या सुमारास इजा झाली, की शरीराची विरुद्ध बाजू अधू राहते. कोपर दुमडलेले, मूठ मिटलेली आणि अंगठा तळव्यात दडलेला, अशा हाताकडे पाहून घरातील वडीलधारी माणसे, दुष्टाव्याने नव्हे तर दुःख सोसण्याचा परिचित मार्ग म्हणून, “प्रारब्धाचे भोग आहेत बाबा” असे म्हणतात, आणि सगळ्या प्रकरणाची मिसल तेथेच दप्तरदाखल होते. हा फैसला शास्त्राच्या नावाने दिला जातो, म्हणून तो शास्त्राच्याच आधारे तपासला पाहिजे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही. पण त्याला पाचवे स्थान दिले आहे, आणि पहिल्या चार कारणांचा अखत्यार त्याच्या हवाली केलेला नाही. ज्याची जखम भरून येत नाही तो मेंदू आणि त्याच्याशी बांधलेले शरीर हे अधिष्ठान, ते मूल हा कर्ता, तो हात हे करण, आणि त्या हाताने घडणारा प्रत्येक प्रयत्न ही चेष्टा, असे मांडले म्हणजे ‘सारे प्रारब्धच’ म्हणणारा मनुष्य दैवाचा आदर करीत नसून उरलेल्या चारांचा अनादर करीत असतो, हे ध्यानात येते.

या विवेकाला प्रयोगशास्त्रानेही पुष्टी दिली आहे. एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे दाखविले, की माकडाच्या एका हाताची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा छेदल्या असता, हालचालीच्या नसा शाबूत असूनही, ते माकड तो हात वापरीनासे होते. मात्र चांगला हात बांधून ठेवताच त्यागलेला हात पुन्हा कामाला लागतो. टॉब यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या हालांवरून १९८१ साली खटला उभा राहिला, आणि या ज्ञानाचा लाभ घेणाऱ्याने त्या मुक्या जिवांचे ऋणही स्मरले पाहिजे. त्यांच्या यातनेतून कळले ते इतके मोलाचे, की इजेने हिरावलेले वेगळे आणि वारंवारच्या अपयशाने सोडून दिलेले वेगळे. पहिले दैव असेल, दुसरे सवय आहे. लहान मुलाच्या बाबतीत तर तो हात वापरणे विसरलेले नसते, मुळात शिकलेलेच नसते.

म्हणून आजच्या उपचारांत चांगल्या हाताला काही तास हातमोजा, झोळी किंवा हलके प्लास्टर घालून अधू हाताला काम दिले जाते. दुसऱ्या पद्धतीत, जी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन आणि जीन चार्ल्स यांनी विकसित केली, दोन्ही हातांनीच साधणारी कामे मुलाकडून करवून घेतात. रोज सहा तास याप्रमाणे पंधरा दिवस, म्हणजे ९० तास, दोन्ही पद्धतींनी सराव करवून तुलना केली, तेव्हा हाताच्या कामगिरीतील लाभ जवळपास सारखाच आढळला. सरावाचे माप पुरेसे हवे, आणि हेतू मुलाचा स्वतःचा हवा; दुसऱ्याने धरून हलविलेला हात वापरायला शिकत नाही. घरी मोदकाच्या पारीला कळ्या पाडणे, दुर्वांची जुडी बांधणे, मटार सोलणे, ही कामे मुलाला मनापासून करावीशी वाटली, तर त्यांच्या तोडीचा व्यायाम विरळा.

येथे एका शिरस्त्याचा विचार टाळता येत नाही. तीर्थ-प्रसाद उजव्या हाताने घ्यावा अशी आपली रूढी. परंतु ज्याचे उजवे अंगच दुबळे त्या मुलाने डावा हात पुढे केला, म्हणून देवळात त्याला चारचौघांत टोकले जाते, तेव्हा त्याला तो हात लपविण्याचे शिक्षण मिळते. उजव्या हाताखाली डावा धरून तीर्थ घेण्यास हळूहळू शिकवावे, आणि तोवर जो हात पुढे येईल त्यावर प्रसन्नपणे पळी रिती करावी. ईश्वर भाव पाहतो असे जे आपण मानतो, त्याला याहून साधा दाखला कोणता?

तथापि अभ्यासाचाही अहंकार होऊ शकतो. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टीही सदोष असते, असे गीतेचा तोच अठरावा अध्याय बजावतो. आणि ‘माझ्या मेहनतीने हा हात पूर्ववत करीन’ असा हट्ट धरणारे पालक मुलाच्या बालपणाला एक न संपणारा तगादा बनवितात. उपचाराने तो हात बहुधा मुख्य हात होत नाही. तो साहाय्यक हात होतो, वही दाबून धरतो, डब्याचे झाकण उघडताना डबा सावरतो. हे फळ थोडे नाही. मनाच्या निग्रहासाठी गीतेने अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली, ती या घरांनाही लागू आहे: अभ्यासाशिवाय वैराग्य म्हणजे मुलाला प्रारब्धाच्या नावाखाली टाकून देणे, आणि वैराग्याशिवाय अभ्यास म्हणजे ते आहे तसे पुरेसे नाही, असे त्याला रोज ऐकविणे. मूल आज जसे आहे तसे पूर्ण आदराने स्वीकारून त्याच्या हातासाठी उद्याही तितक्याच निष्ठेने झटणे, यात विरोध नाही. कर्मयोग तो हाच, आणि त्याचा भार एकट्या आईवर न टाकता साऱ्या घराने वाटून घेणे हा गृहस्थधर्म आहे.